अपालाचिकोलाचं ट्रिनिटी चर्च

अमेरिकेतल्या छोट्या गावांतली जुनी एपिस्कोपल (अँग्लिकन परंपरेतल्या पंथाची) चर्चं गावच्याच सुतारांनी उभी केली, असं कुणी म्हणेल. बहुतेक ठिकाणी तसं असेलही, पण फ्लोरिडातल्या अपालाचिकोलाची गोष्ट वेगळी आहे. १८३७ साली इथल्या ट्रिनिटी मंडळीला, म्हणजे चर्चच्या भाविकांच्या संस्थेला, सनद मिळाली. फ्लोरिडा तेव्हा राज्यही नव्हतं; ते झालं १८४५ मध्ये. गाव कापसाच्या निर्यातीवर चालणारं बंदर, न्यूयॉर्कशी जहाजांची नेहमीची ये-जा. म्हणून चर्चही जहाजानेच आलं! व्हाइट पाइन या लाकडाचे भाग न्यूयॉर्कमध्येच कापून तयार केले, समुद्रमार्गे आणले आणि इथे लाकडी खुंट्या ठोकून जोडले. समोरचे दोन उंच आयोनिक (प्राचीन ग्रीक शैलीचे) खांब आजही पाहण्यासारखे आहेत.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो या मंडळीच्या संस्थापकांतला डॉ. जॉन गॉरी. तापाच्या रुग्णांच्या खोल्या थंड ठेवण्यासाठी धडपडता धडपडता त्याने बर्फ बनवणारं यंत्र केलं. १८५१ मध्ये त्याला पेटंट मिळालं, पण पैसा लावणारं कोणी मिळालं नाही. १८५५ मध्ये तो गेला. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात चर्चची घंटासुद्धा तोफांसाठी वितळवायला दिली गेली.