शब्दचर्चा : खुकरीला चाकू म्हणायचं का, आणि पात्याचं 'पाणी' म्हणजे नेमकं काय?

परवा रविवारी शेजारच्या काकांकडे पहिल्यांदा खरी खुकरी हातात घेतली. काका गोरखा रायफल्समधून रिटायर झालेत, आणि ती नुसती भिंतीवर टांगलेली नाहीये, गावी गेले की झावळ्या, बांबू, नारळ सगळं तिनेच करतात. मी आयुष्यात सुरी आणि विळीपलीकडे काही धरलेलं नाही त्यामुळे म्यानातून काढल्यावर पहिलं जाणवलं ते वजन, आणि ते वजन मुठीत नाही तर पुढे, पात्याच्या पोटात. पातं साडेआठ इंच, उलटी बाजू आठ-नऊ मिलिमीटर जाड, आणि मधेच असं आतल्या बाजूला वाकलेलं की हात आपोआप खाली येतो. सुका बांबू होता, काका म्हणाले जोर लावू नको, तिचं तिला पडू दे. खरंच एका घावात आरपार.

तर प्रश्न शब्दाचा आहे. घरी येऊन बहिणीला फोनवर सांगताना मी म्हटलं "काकांचा मोठा चाकू", आणि तोंडातून शब्द गेल्या गेल्याच तो चुकीचा वाटला. मग काय म्हणायचं? सुरा? सुरा म्हटलं की खाटीक नाहीतर मारामारी डोळ्यासमोर येते. कोयता? आकार जवळचा आहे पण कोयता वेगळा. इंग्रजीत अशा घडी न होणाऱ्या सगळ्या पात्यांना मिळून फिक्स्ड ब्लेड म्हणतात, मराठीत तसा एक शब्द आहे का?

दुसरं म्हणजे काका सारखं म्हणत होते "हिचं पाणी बघ". पाणीदार घोडा, पाणीदार डोळे हे आपण सहज बोलतो, पण पात्याचं पाणी हा नुसता अलंकार आहे की खरंच पाण्याशी काही संबंध आहे? जाणकारांनी सांगा, मला हे मनापासून समजून घ्यायचंय.

प्रतिसाद

ताई, तुमचा कान बरोबर आहे. चाकू शब्द तुर्कीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला. तुर्कीत आजही 'चाकी' म्हणजे खिशात ठेवायचा घडीचा लहान चाकू. म्हणजे मुळात ती छोटी वस्तू, लेखणी तासायची, फळ कापायची. सुरी मात्र संस्कृत क्षुरिका, त्याच घराण्यातला क्षौर म्हणजे हजामत. आणि फिक्स्ड ब्लेडला एक शब्द नाही याचं मला तरी वाईट वाटत नाही, कारण आपल्याकडे पातं मुठीत पक्कं बसलेलं असणं हीच नेहमीची गोष्ट होती, वेगळं सांगावं लागायचं ते घडीच्या चाकूला. नावं पडली ती कामावरून आणि आकारावरून. विळा, विळी, कोयता, कोयती, खुरपं, सुरी, कट्यार, बिचवा, जंबिया. यातल्या कुणालाही "मोठा चाकू" म्हटलं तर निम्मी माहिती तिथेच गळते. खुकरीला खुकरीच म्हणा, शब्द मराठीत केव्हाचा रुळलाय.

प्रतिसाद

आमच्या कोकणात कोयती म्हणजे नुसतं हत्यार नाही, अंगावरचा दागिना म्हणा ना. कमरेला मागे आकडी बांधतात, त्या आकडीत कोयती अडकवायची, दोन्ही हात मोकळे, मग झाडावर चढा नाहीतर राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, कवळं (पानांच्या डहाळ्या) तोडायला जा. माझे आजोबा अंघोळ सोडली तर आकडी काढत नसत. (फिट येते त्यालाही आकडीच म्हणतात, त्यामुळे शहरातल्या माझ्या मुलीला आजोबांची गोष्ट सांगताना आधी शब्द समजावून सांगावा लागतो.) खुकरीला जसं म्यान तशी कोयतीला आकडी, फक्त ही उघडी असते. आणि विळीला आमच्याकडे आडाळो, गोव्यात आदोळी म्हणतात, तेही नोंदवून ठेवतो.

प्रतिसाद

कोयत्याबद्दल एक सांगायलाच हवं. मी बीड जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे ऊसतोडीच्या हिशोबात "एक कोयता" म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम विचारतो किती कोयते आहेत, म्हणजे किती जोड्या. एकटा माणूस किंवा एकटी बाई असेल तर "अर्धा कोयता". उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते, एखाद्या दिवशी कामावर गेलं नाही तर खाडा पडतो तोही कोयत्याच्या नावाने. माझे आई-वडील वीस सीझन एक कोयता म्हणून जगले. आता पेपरात "कोयता गँग" वाचतो तेव्हा त्रास होतो, कारण ज्या शब्दात माझ्या आईचे हात आहेत तो शब्द आता लोकांना भीतीचा वाटायला लागलाय. शब्दकोशात कोयत्यापुढे फक्त "ऊस, लाकूड तोडण्याचे हत्यार" एवढंच लिहिलं तर ते पुरेसं नाही, जोडीचा अर्थ आलाच पाहिजे.

प्रतिसाद

वरचा प्रतिसाद वाचून थांबलो थोडा वेळ. धन्यवाद दादा.

कोयता शब्दाच्या उगमाचं म्हणाल तर दक्षिणेकडे बघा, द्राविडी भाषांत 'कोय्' म्हणजे कापणे, मल्याळममध्ये भातकापणीला कोय्त्तु म्हणतात. मला तरी हा आपल्या कोयत्याचा सख्खा नातेवाईक वाटतो.

आणि कामावरून नाव पडतं हे कायद्यालाही मान्य आहे बरं का. आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरलेत, त्यात किरपाण आणि खुकरी यांची नावं घेतलीत, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्यातल्या कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलीत. म्हणजे लांबी तीच, पण कशासाठी घडवलं यावर ते हत्यार ठरतं की अवजार.

प्रतिसाद

पाण्याबद्दल मी सांगते, माझं माहेर लोहाराचं. पाणी हा अलंकार नाही, आधी ते खरंखुरं पाणी आहे. पातं भट्टीत लाल करायचं, ऐरणीवर घडवायचं, आणि शेवटी पुन्हा तापवून धारेच्या बाजूला पाणी द्यायचं. याला पाणी देणे, पाणी पाजणे म्हणतात, पाजवणे हा शब्द त्यातलाच. झटकन थंड झालेली धार कडक होते, उलटी बाजू मऊ राहते म्हणून घाव बसला तरी पातं तुटत नाही. पाणी जास्त झालं तर धारेचे टवके उडतात, कमी झालं तर धार वळते. वडील रंग बघून ठरवायचे, घड्याळ नाही की थर्मामीटर नाही. ट्रकचा जुना कमानपाटा आणून त्याचे कोयते करायचे, खुकऱ्याही नेपाळात अशाच पाट्याच्या करतात असं ऐकून तर मला घरचंच वाटलं. धार गेलेली खुरपी, फाळ घेऊन लोक यायचे, "शेवटून द्या" म्हणायचे. हा शेवटणे शब्द अजून कुणाकडे आहे का? माझ्या मुलांना माहीत नाही.

प्रतिसाद

ताई, पाण्याचं पटलं, पण मोत्याचंही पाणी असतं की, तिथे भट्टी कुठे आली? मला वाटतं दोन धागे एकत्र आलेत. फारसीत आब म्हणजे पाणी, आणि तलवारीला आब देणे म्हणजे पोलादाला पाणी देणे, शिवाय आब म्हणजे तेजही. आपण "आब राखून वागतो" तो आब हाच, आणि आबरू म्हणजे चेहऱ्याचं पाणी. पाणी उतरवणे, पाणी जोखणे, कोण किती पाण्यात आहे, यातला एकेक प्रयोग कुठून आला ते सुटं करून बघायला हवं, सगळेच लोहाराच्या दारात नेऊन बांधता येणार नाहीत. शेवटचा तर मला नदीतल्या खोलीवरून आलेला वाटतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बीडच्या दादांचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला.

आज परत काकांकडे जाऊन आले. त्यांनी सांगितलं की नेपाळीत या पाण्याला 'पाइन' म्हणतात, आणि तिथले कामी लोक, म्हणजे लोहार, किटलीने तापलेल्या धारेवर पाण्याची धार सोडतात. धारेवर धार, मराठीत दोन्हीला शब्द एकच हे बोलता बोलताच लक्षात आलं. म्यानाच्या मागे दोन छोटी पाती असतात ती पण दाखवली, एक कर्द, बारीक कामाची, आणि दुसरीला धारच नाही, तिचं नाव चकमक! गारगोटीवर घासून ठिणगी पाडायची, आणि खुकरीची धारही तिच्यावरच सरळ करायची. चकमक पण तुर्कीच, तिकडे लायटरला आजही चाकमाक म्हणतात. आपण मात्र ती सीमेवर "झडवतो".

मग काकांनी कानस दिली आणि म्हणाले आता स्वतः बघ. उलट्या बाजूवर, अगदी मुठीजवळ, हलकेच लावली तर ती लोखंड चावत होती, बारीक चुरा पडला. धारेवर ठेवली तर काचेवरून सरकावी तशी नुसती घसरली.