एव्हरेस्ट बेस कॅम्प: पाठीवरची सॅक २८ लिटरची की ३५?

माहुली_सातारा:
नमस्कार. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं नवरा-बायको एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालोय. मी ५३ वर्षांची. मोठं सामान पोर्टरकडे, पाठीवर फक्त दिवसभराचं. घरात दोन सॅक आहेत. मुलीची कॉलेजची २० लिटरची, तिच्यात डाऊन (पिसं भरलेलं) जॅकेट कोंबलं की चेन लागत नाही. दुसरी ४५ लिटरची, ती रिकामीच पावणेदोन किलो भरते. दुकानदार म्हणतो २८ची घ्या, ट्रेक लीडर म्हणतात ३५ची. नवीन घ्यायची तर एकदाच नीट घ्यावी. जाऊन आलेल्यांनी, विशेषतः बायकांनी, सांगावं.

रानवाट:
३० ते ३५. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाच्या विमानात सामानाला साधारण १५ किलोची मर्यादा असते, हातातली सॅक धरून. त्यामुळे रिकामी सॅक हलकीच हवी. ४५ची घरी ठेवा, मोठी सॅक असली की आपण ती भरतोच.

डोंबिवलीची_भटकी:
ताई, मी २०२३च्या एप्रिलमध्ये जाऊन आले. लिटरवर अडू नका, ३०च्या आसपासची कुठलीही चालेल. आधी पाठ मोजा. मी नाही मोजली आणि फार हाल झाले.

मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. टेप तिथून लावायची. कमरेच्या हाडांवर हात ठेवून अंगठे मागे वळवले की जी आडवी रेघ येते, तिथपर्यंत. हे आपलं आपल्याला जमत नाही, यजमानांना सांगा. माझं माप ४१ सेंमी आलं, पण ते परत आल्यावर घेतलं! नेलेली सॅक भावाची, उंच माणसाच्या पाठीची. तिचा कंबरपट्टा हाडावर बसायचाच नाही, खाली घसरायचा, आणि सगळं वजन खांद्यांवर यायचं.

नामचेपर्यंत (३,४४० मीटर) निभावलं. दिंगबोचेहून लोबुचेला जाताना थुकलानंतर एक खडी चढण आहे, वर डोंगरात गेलेल्या गिर्यारोहकांची स्मारकं आहेत तिथवर. त्या चढणीवर पट्टे इतके रुतले की खांदे पुढे ओढले गेले आणि छाती मोकळी होईना. आधीच हवा विरळ, त्यात पूर्ण श्वास भरता येईना. मला वाटलं उंचीचा त्रास सुरू झाला, रडायलाच आलं. आमचा गाईड मागे आला, सगळे पट्टे सैल केले, माझी ओढणी घडी करून कमरेभोवती गुंडाळली आणि तिच्यावर कंबरपट्टा घट्ट आवळला. मग खांद्याचे पट्टे नुसते टेकतील एवढेच ओढले. छातीचा पट्टा त्याने सैलच ठेवला. दहा पावलांत श्वास सुटसुटीत झाला. अजूनही सॅक चढवताना मी तोच क्रम पाळते: आधी कंबर, मग खांदे, छाती शेवटी.

बायकांच्या मापाच्या सॅक वेगळ्या मिळतात. पाठ आखूड, खांद्याचे पट्टे छातीच्या कडेने वळलेले. त्या नक्की घालून बघा, आणि दुकानात रिकामी नको, पाच किलो वजन भरून. पोर्टर पुढे निघून जातो, त्याच्याकडची मोठी बॅग (डफल) संध्याकाळीच हाती येते. म्हणून डाऊन जॅकेट, फ्लीस, पावसाचं जॅकेट, दोन लिटर पाणी, औषधं, टोपी-हातमोजे, पासपोर्ट, पैसे, खजूर-चिक्की हे सगळं आपल्याच पाठीवर. त्याचेच पाच-सहा किलो होतात.

आणि रेनकव्हरवर विसंबू नका. पाऊस मानेवरून पाठीत उतरतो, तिथून सॅकमध्ये. आत कचऱ्याची जाड काळी पिशवी घालून सगळं तिच्यात भरा. डाऊन भिजलं की ऊब गेलीच.

कातळकडा:
ताईंचं सगळं पटलं. एक भर: सॅकमध्ये पाण्याची पिशवी आणि नळीची सोय असली तर उत्तमच. चालता चालता घोट घोट पाणी पोटात जातं, थांबावं लागत नाही.

डोंबिवलीची_भटकी:
दादा, लोबुचेपर्यंत मीही तशीच प्यायले. पण काला पत्थरच्या माथ्यासाठी गोरक्षेप या शेवटच्या मुक्कामाहून पहाटे साडेचारला निघालो आणि अर्ध्या तासात नळी तोंडापाशी गोठली. पाठीवर दीड लिटर पाणी आणि एक घोट मिळेना. सोबतच्या काकूंनी बाटली लोकरीच्या मोज्यात घालून सॅकमध्ये उलटी ठेवली होती. बर्फ वरून धरतो, त्यामुळे बाटली सरळ केली की तोंड मोकळं. त्यांनीच मला पाजलं. म्हणून बाजूचे खिसे बाटलीला पुरतील एवढे खोल आहेत ना, ते बघा. भरलेली बाटली त्यात ठेवा आणि दुकानातच खाली वाकून बघा, पडते का ते.

माहुली_सातारा:
मनापासून आभार. यजमानांनी टेप लावली, ४२ सेंमी. त्यांची स्वतःची ४९! आम्ही दोघांना एकसारखी सॅक घेणार होतो. सराव आता अजिंक्यताऱ्यावर करावा म्हणते. वजन काय भरू?

डोंबिवलीची_भटकी:
पाण्याच्या बाटल्या. सहा लिटर घेऊन चढा, वर गेल्यावर झाडांना घाला आणि रिकाम्या बाटल्या घेऊन उतरा. गुडघे वाचतात. पहिल्या दिवशी घरी आल्यावर आरशात खांदे बघा. लाल वळ दिसले तर पट्टा अजून कमरेच्या हाडावर बसलेला नाही.