सड्यावर चालताना: अनुभव धागा

रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या सड्यांवर (जांभा दगडाच्या सपाट, उघड्या माथ्यांवर) नेहमी जाणाऱ्यांनी लिहावं. आत्मचरित्र नको, नवख्याच्या कामाचं तेवढंच सांगा.

राजापूरकडून
सडा चढायला सोपा, उतरायला अवघड. वाडीतून पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) धरली की वर पोचायला वेळ लागत नाही, पण वर सगळं सपाट. परतीचं पाखाडीचं तोंड दहा-वीस पावलांवरूनही दिसत नाही. म्हणून माथ्यावर पाय ठेवताच मागे वळून खूण धरा: गडग्याचं (दगडी कुंपणाचं) टोक, एखादा वाकडा काजू. वाट चुकली तर उतारावर मुसंडी मारू नका. करवंदीच्या जाळीखाली जांभ्याची सरळ दरड असते. कडेकडेने चाला, गुरांची वाट सापडते आणि ती वाडीत उतरते. देवाचे गोठणेच्या सड्यावर कातळशिल्पापाशी होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं. समुद्र पश्चिमेला, एवढं धरून चला.

रत्नागिरीकडून
शिल्पं बघायची तर सूर्य कलता हवा. भर दुपारी रेषा कातळात विरून जातात, कशेळीचा एवढा थोरला हत्तीसुद्धा पटकन उमजत नाही. रेषांत खडू भरू नका, वर उभे राहू नका. ही कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

देवगडकडून
पावसात काळा, चकचकीत कातळ टाळा, ते शेवाळ असतं. झिजल्या तळाचे गमबूट घरीच ठेवा. दीपकाडी जूनच्या पहिल्या सरींत फुलते; सीतेची आसवं आणि गेंद ऑगस्ट-सप्टेंबरात. तिथे मातीचा थर बोटभरच, तेव्हा एकामागोमाग एक चाला.

ऑक्टोबरात गवत पिकलं की कुसळं. ती लोकरी मोज्यांत घुसतात आणि निघत नाहीत. गुळगुळीत कापडाची लांब पँट घाला. विजांचा गडगडाट ऐकू आला की सडा सोडा. उघड्यावर उंच काय ते आपणच!

पुन्हा राजापूर
पाण्याचं राहिलं. जांभा चाळणीसारखा, पडलेलं पाणी खाली शेडीच्या (चिकणमातीच्या) थरावर अडतं आणि झरे सड्याच्या पायथ्याशी फुटतात. त्यामुळे हिवाळ्यापासून वर थेंब मिळत नाही. अर्ध्या दिवसाला माणशी तीन लिटर न्या.

लांज्याकडून
फुरशाचं, या विषारी सापाचं, कुणीच लिहिलं नाही? दगड उलटू नका, गडग्यावर हात टेकून चढू नका. चावलंच तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. हात-पाय न हलवता थेट रुग्णालयात. या विषाने रक्त गोठेनासं होतं, तासभरही थांबायचं नाही. प्रतिविष असल्याची खात्री फोनवर वाटेतच करून घ्या.

आणि सोडून दिलेल्या चिरेखाणी (जांभ्याचे चिरे काढायच्या खाणी): कडा उभ्या कापलेल्या, गवतात झाकलेल्या, पावसात तळाला पाणी. अंधारात मोकळ्या सड्यावरून आडवं जाऊ नका, गाडीवाटेनेच या.