मूत्राशयात हनर अल्सर निघालाय, जाळल्यावर परत होतो का? आणि खायचं काय?

फोंडेकरीण:
नमस्कार, बरेच महिने ओटीपोटात दुखतंय, लघवी साठत आली की कळ वाढते, जाऊन आलं की थोडा वेळ बरं, रात्री तर झोपच लागत नाही. इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स झाले पण कल्चर दर वेळी क्लिअर. आता दुर्बिणीने बघितलं तर हनर अल्सर आहे म्हणाले, भूल देऊन जाळायचा म्हणतात. कॅन्सर तर नसेल ना हो? घरात सासूबाई म्हणतात सोलकढी थंड, पी, पण प्यायल्यावर जास्तच आग होते. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

साखळीकर:
ताई, माझ्या आईला हेच होतं. नाव अल्सर असलं तरी खोल खड्डा नसतो तो, मूत्राशयाच्या अस्तरावर लाल सुजलेला भाग असतो आणि आत पाणी भरून ताणलं की तिथून रक्त येतं. हनर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1915 मध्ये यावर लिहिलं, म्हणजे आजार नवा नाही, फक्त दुर्बीण घातल्याशिवाय दिसत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं इन्फेक्शनच्याच गोळ्या खात बसतात, याचा मला फार राग येतो. हा अल्सर म्हणजे कॅन्सर नव्हे, पण दिसायला कधी कधी सारखं दिसतं, म्हणून बायोप्सी कराच, आणि मूत्राशयाचा टीबी नाही ना तेही बघायला सांगा. जाळल्यावर आईला लवकर आराम पडला, पुढे परत आला, परत जाळला. परत येऊ शकतो हे आधीच मनात ठेवा म्हणजे घाबरायला होणार नाही. काही डॉक्टर त्या जागी स्टिरॉइडचं इंजेक्शनही देतात, विचारून बघा. खर्चाचा प्रश्न असेल तर बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) युरोलॉजी आहे, दीनदयाळ कार्डात, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्यात, बसतं का तेही विचारा.

म्हापशाची_वहिनी:
मला अल्सर नाही पण त्याच जातीचं दुखणं आहे, तेव्हा जेवणाचं मी सांगते. कोकम, चिंच, व्हिनेगर, टोमॅटो, लिंबू, तिखट, चहा-कॉफी, सोडा, दारू यांनी बऱ्याच जणांना आग होते, पण सगळ्यांना सगळंच बाधतं असं नाही. थोडे दिवस सगळं बंद करा, मग एकेक परत खाऊन बघा आणि लिहून ठेवा. माझं सोलकढी आणि आंबट-तीख सुटलं, साधं नारळाचं हुमण (कालवण) मात्र आंबट कमी घालून चालतं. त्रास जास्त असला की उकड्या तांदळाची पेज. सासूबाईंना सांगा, सोलकढी पोटाला थंड असेलही पण कोकम आंबट आहे आणि तुम्हाला ते बाधतंय, यात त्यांचा मान कमी होत नाही. आणि सारखं जावं लागतं म्हणून पाणी तोडू नका, लघवी दाट झाली की जास्तच जळजळते. दिवसभर थोडं थोडं प्या.

अजून एक, कोणी ओटीपोट आवळायचे व्यायाम सांगितले तर आधी डॉक्टरला किंवा फिजिओला विचारा, आपल्या दुखण्यात ते स्नायू आधीच ताठलेले असतात, ते सैल सोडायला शिकायचं असतं. या दुखण्यावर पेंटोसान नावाच्या गोळ्या दिल्या तर डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, वर्षानुवर्षं घेतल्यावर त्याला इजा झालेली आढळलीय.

फोंडेकरीण:
दोघांचेही खूप आभार. बायोप्सी आणि टीबीचं उद्याच विचारते. वहिनी, तिरफळ घातलेलं चालतं का तुम्हाला?

म्हापशाची_वहिनी:
मला चालतं बाय, पण तुम्ही आधी थोडंच घालून बघा.