घरगुती फ्यूजर : व्होल्टेज वाढवण्याआधी कोणती कामे उरकावीत?

धायरीकर :
नमस्कार. गेली दीड वर्षे मी धायरीतील माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये फार्न्सवर्थ-हर्श पद्धतीच्या फ्यूजरवर, म्हणजे उच्च व्होल्टेजने आयन मध्यभागी ओढून हलक्या अणुकेंद्रांचे संमीलन घडवू पाहणाऱ्या छोट्या यंत्रावर, काम करीत आहे. ३ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलचे पात्र, आत टंगस्टनच्या तारेची गोल जाळी, दोन टप्प्यांचा रोटरी पंप आणि निऑन साइनच्या ट्रान्सफॉर्मरवरून रेक्टिफाय केलेला सुमारे १० किलोव्होल्टचा ऋण पुरवठा, अशी त्याची रचना आहे. आत केवळ विरळ हवा असल्यामुळे प्रत्यक्ष संमीलन होत नाही. मात्र दाब पुरेसा उतरला की जाळीच्या मधोमध जांभळट ठिपका धरतो आणि छिद्राछिद्रांतून बारीक झोत बाहेर फुटलेले दिसतात.

आता जुन्या बाजारातून मिळालेल्या एक्स-रे ट्रान्सफॉर्मरवर ३० किलोव्होल्टपर्यंत जावे आणि नंतर ड्युटेरियम (जड हायड्रोजन) वापरावे, असे मनात आहे. परंतु मागच्या महिन्यात, यंत्र बंद केल्यानंतर अकरावीतला माझा भाचा तार सोडवायला गेला आणि त्याच्या हातातल्या पान्याच्या टोकावर ठिणगी उडाली. त्याला इजा झाली नाही, पण तेव्हापासून मी यंत्र चालू केलेले नाही. सुधारणा कोणत्या क्रमाने कराव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भोसरी टेस्टिंग :
यंत्र थांबवलेत हे फार चांगले केलेत. ती ठिणगी पुरवठा सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये उरलेल्या भाराची असणार. समजा तो ०.१ मायक्रोफॅरडचा आहे, तर १० किलोव्होल्टला त्यात ५ ज्यूल ऊर्जा साठते आणि ३० किलोव्होल्टला ४५ ज्यूल, कारण व्होल्टेज तिप्पट झाले की ऊर्जा नऊपट होते. म्हणून पहिले काम ब्लीडरचे, म्हणजे यंत्र बंद केल्यावर कपॅसिटरचा भार आपोआप उतरवणाऱ्या रेझिस्टरचे. ५ मेगाओहमचे २० रेझिस्टर एकापुढे एक जोडून १०० मेगाओहमची साखळी करा, म्हणजे प्रत्येकावर १५०० व्होल्टच येतील आणि बंद केल्यापासून मिनिटभरात कपॅसिटर शंभर व्होल्टच्या खाली उतरेल. रेझिस्टर त्या व्होल्टेजसाठी बनवलेलेच घ्या, कारण साध्या रेझिस्टरची मर्यादा काहीशे व्होल्टच असते. अशा दोन साखळ्या समांतर लावा, म्हणजे एक तुटली तरी दुसरी काम करील.

तरीही ब्लीडरवर विसंबून हात घालू नये. फायबरग्लासच्या लांब दांड्याला आकडा बसवून तो जाड तारेने अर्थिंगला जोडा. आधी रेझिस्टरमधून आणि मग थेट स्पर्श करून भार उतरवा, आणि काम संपेपर्यंत आकडा टर्मिनलवर अडकवूनच ठेवा. आम्ही कारखान्यात नव्या मुलाला मीटर हातात देण्याआधी हे शिकवतो.

मेन्सच्या बाजूला साधा स्विच न ठेवता स्टार्ट-स्टॉप पुशबटणाचा कॉन्टॅक्टर (चुंबकी कॉइलवर चालणारा स्विच) बसवा. वीज जाऊन परत आली की साध्या स्विचवरचे यंत्र आपोआप चालू होते, आणि नेमक्या त्या वेळी कोणीतरी वाकून काय झाले ते पाहत असते. यंत्राभोवतीच्या पिंजऱ्याच्या दाराचा लिमिट स्विच (दार उघडताच सुटणारा) त्याच कॉइलच्या वायरिंगमध्ये घ्या. घरातला ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरचा, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या बाजूचा, शॉक ओळखू शकत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. पावसाळ्यात इन्सुलेटरवर ओल आणि धूळ बसून पृष्ठभागावरून स्पार्किंग होते. जुलैमध्ये ते रोज पुसावे लागतील.

खिडकीपाशी :
वरील सर्व मान्य. मला पात्रात डोकावण्याच्या काचेच्या खिडकीविषयी लिहायचे आहे, कारण ३० किलोव्होल्टला खरा बदल तिथे होतो. पात्राच्या भिंतीवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे क्ष-किरण निघतात आणि त्यांची कमाल ऊर्जा लावलेल्या व्होल्टेजइतकी असते. १० किलोव्होल्टचे किरण काचेतच अडतात. ३० किलोव्होल्टला तुमचे ३ मिलिमीटर स्टील त्यांना पुरते थोपवते, परंतु ६ मिलिमीटरच्या बोरोसिलिकेट काचेतून वरच्या ऊर्जेच्या किरणांचा बराच भाग पार होतो, आणि आपण डोळा नेमका तिथेच लावतो.

खिडकीसमोर ४५ अंशांत साधा आरसा लावा, आरशामागे शिशाचा पत्रा ठेवा आणि बाजूला कॅमेरा बसवा. प्रकाश वळतो, क्ष-किरण सरळ जाऊन शिशात शोषले जातात. मोजमापासाठी अभ्रकाची खिडकी असलेली गायगर नळी घ्या, कारण धातूच्या जाड आवरणाच्या नळीला हे कमी ऊर्जेचे किरण दिसतच नाहीत. स्पार्किंगच्या विद्युत गोंधळामुळेही काउंटर खोटे आकडे दाखवतो, म्हणून नळी पूर्ण शिशात झाकल्यावर आकडा खाली येतो का, हे आधी तपासा.

शिवाय १० सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर हवेचा सुमारे ८० किलोचा भार असतो. काठाला बारीकसा जरी टवका उडालेला असेल, तर ती काच बदला आणि बाहेरून ॲक्रिलिकचे कवच लावा.

धायरीकर :
दोघांचेही मनापासून आभार. ड्युटेरियमचे काय करावे?

पाषाणचा वाचक :
ते घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ड्युटेरियमच्या संमीलनात साधारण निम्म्या वेळा २.४५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा न्यूट्रॉन सुटतो आणि त्याला शिशाचा पत्रा अडवत नाही. त्यासाठी पाणी किंवा पॅराफिनचे जाड थर लागतात. भारतात ड्युटेरियम नियंत्रित पदार्थ आहे आणि किरणोत्सार निर्माण करणाऱ्या यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. हे क्ष-किरणांनाही लागू असल्याने ३० किलोव्होल्टला जाण्याआधीच मंडळाकडे विचारणा करा. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला तुम्ही काय चालवता हे ठाऊकही नसते. आसाममध्ये सोनापूरच्या प्लाझ्मा भौतिकी केंद्रात याच तत्त्वावरचे यंत्र आहे. भाच्याला पुढे या विषयात जायचे असेल तर तो मार्ग खुला आहे.

तोपर्यंत १० किलोव्होल्टलाच राहून वेल्डिंगच्या दुकानातला आर्गॉन बारीक सुईच्या व्हॉल्व्हने सोडा आणि डिफ्रॅक्शन ग्रेटिंगमधून (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीतून) वर्णपट टिपा. त्यात भाच्याला करण्यासारखे वर्षभराचे काम आहे.

धायरीकर :
आज कपॅसिटर उघडून पाहिला, ०.१५ मायक्रोफॅरडचा निघाला आणि त्यावर ब्लीडर नव्हताच. रेझिस्टरची यादी घेऊन शनिवारी भाचा आणि मी पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, जात आहोत. एक्स-रे ट्रान्सफॉर्मर मी ताडपत्रीत गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे.