प्रतिसाद: स्पर्शाने मिटणारी कुक्षी

कॅलिफोर्नियातल्या स्टिकी मंकीफ्लॉवर या झुडपाच्या नारिंगी फुलात काडी घातल्यावर आतले पांढरे ओठ मिटले, फूल दुखावलं का, असं वर विचारलंय. अजिबात नाही. ती दोन पाळ्यांची कुक्षी, म्हणजे फुलाचा पराग झेलणारा भाग. स्पर्श झाला की काही सेकंदांत मिटते. पुरेसे पराग मिळाले नसतील तर नंतर पुन्हा उघडते, मिळाले असतील तर मिटलेलीच राहते. म्हणजे काडीने फसलेली कुक्षी परत उघडेल, काळजी नको.

गंमत पुढेच आहे. हमिंगबर्डची चोच आत जाताना आधी कुक्षीला लागते. ती मिटून वाटेतून बाजूला झाली की याच फुलाचे पराग पक्ष्याला बिनअडथळा चिकटतात आणि दुसऱ्या फुलापर्यंत जास्त संख्येने पोचतात. मिटल्यामुळे स्वपरागण (फुलाचे पराग त्याच्याच कुक्षीवर पडणं) टळतं, पण मला तर हा फायदा त्यापेक्षाही मोठा वाटतो.

पानांचा चिकटपणा राळेमुळे. पानं खाणाऱ्या अळ्यांना ती सहसा नकोशी असते, पण चेकरस्पॉट फुलपाखराच्या अळ्या तरीही ताव मारतात!

कॅलिफोर्नियातच, सॅन डिएगोकडे, याच्या भाऊबंदांत किनाऱ्याजवळ लाल फुलं आणि आतल्या भागात पिवळी दिसतात. लालकडे हमिंगबर्डचा ओढा, पिवळ्याकडे हॉकमॉथ पतंगांचा. तिकडचे फोटो असतील तर जरूर टाका.