मदत हवी आहे: बॉडी बदलली, आता दिवा लागून लगेच विझतो

घाईत_आहे
नमस्कार मंडळी. निन्टेंडोच्या हातातल्या गेम कन्सोलची बॉडी घरीच बदलली. जुनी बिजागरीपाशी तडकली होती, झाकण लुळं पडायचं. नवीन पूर्ण सेट मागवला, व्हिडिओ बघून सगळं बसवलं, एकही स्क्रू उरला नाही. आता बटण सरकवलं की दिवा लागतो, स्पीकरमधून 'टक्' आवाज येतो आणि बंद. बदलण्याआधी व्यवस्थित चालत होतं. शनिवारी भाचीला द्यायचं आहे, तेव्हा कृपया लवकर सांगा. बॅटरी पूर्ण चार्ज आहे, ते विचारू नका.

रात्रपाळी
कुठलं निन्टेंडो? मॉडेल लिहिल्याशिवाय कोण काय सांगणार? आणि दिवा कुठल्या रंगाचा?

जॉयकॉनवाला
मी निन्टेंडो स्विच कन्सोलच्या दोन्ही जॉयकॉनची, म्हणजे बाजूच्या सुट्या कंट्रोलरची, कव्हरं बदलली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. मागचे चार स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात, त्याला वाय आकाराचाच ड्रायव्हर लागतो. कव्हर एकदम ओढायचं नाही, पुस्तक उघडल्यासारखं हळूच बाजूला करायचं, कारण दोन्ही भाग आतून रिबनने, म्हणजे पातळ चपट्या केबलने, जोडलेले असतात. सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढायचं. डावा जॉयकॉन जास्त छळतो. तुमची रिबन फाटली असणार. नवीन घ्या, काम संपलं.

घाईत_आहे
स्विच नाही हो. बिजागरी लिहिलं होतं ना वर! डीएस लाइट आहे, दोन स्क्रीनचं घडीचं कन्सोल, काळं. दिवा हिरवा.

तीनपाकळी
डीएस लाइट हे आधी सांगितलं असतंत तर निम्मे प्रतिसाद वाचले असते. असो, आता नेमकं बोलता येईल.

हिरवा दिवा क्षणभर लागून विझणं हे या यंत्राचं ओळखीचं लक्षण आहे. डीएस लाइट सुरू होताना दोन्ही स्क्रीन जागेवर आहेत का ते बघतं. एखादी जोडलेली नसेल किंवा तिच्या रिबनमध्ये तार तुटली असेल तर ते स्वतःच बंद होतं. तुमचा मदरबोर्ड बहुतेक ठणठणीत आहे. संशय आहे तो वरच्या स्क्रीनच्या रिबनवर, कारण बॉडी बदलताना तीच बिजागरीच्या पोकळ नळीतून काढून पुन्हा ओवावी लागते.

तीन गोष्टी सांगा. १) रिबन ओवताना सुरळी केली होती की घडी घातली? २) बोर्डावरच्या कनेक्टरची खिट्टी उचलून रिबन आत सरकवली आणि मग खिट्टी खाली दाबली, की खिट्टी बंद असतानाच रिबन रेटली? ३) झाकण वेगवेगळ्या कोनात धरून सुरू करून पाहिलंत का?

सोल्डरप्रेमी
इतकं लांबण लावायची गरज नाही. फ्यूज उडालाय. बोर्डावर एफ१ आणि एफ२ असे दोन बारीक फ्यूज असतात, एक चार्जिंगच्या वाटेवर आणि एक बॅटरीच्या. बॅटरी लावलेली असताना रिबनला हात लावला की हमखास उडतात. त्यावर सोल्डरचा (वितळवून जोडायच्या धातूचा) एक थेंब टाका, दोन्ही टोकं जोडली गेली की सुरू. मी अशी कितीतरी यंत्रं जिवंत केली आहेत.

तीनपाकळी
@सोल्डरप्रेमी, दोन गोष्टींवर तीव्र असहमत.

एक, बॅटरीच्या वाटेवरचा फ्यूज उडाला असता तर दिवा लागलाच नसता. इथे दिवा लागतोय, स्पीकरमधून आवाजही येतोय, म्हणजे वीज बोर्डापर्यंत पोचते आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आत लिथियम बॅटरी आहे, १००० मिलिअँपिअर-तासांची, आणि यंत्र लहान मुलीच्या हातात जाणार आहे. फ्यूजच्या जागी सोल्डरचा थेंब टाकला की पुढच्या वेळी कुठे शॉर्ट झालं तर मधे तोडायला काहीच उरत नाही. फ्यूज उडालाच असेल तर त्याच मापाचा फ्यूज बसवायचा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार सलग आहे का ते तपासायच्या खुणेवर) ठेवून, बॅटरी बाहेर काढून, फ्यूजच्या दोन टोकांना लावला की मिनिटात कळतं. न मोजता डाग देऊ नका.

सोल्डरप्रेमी
इतक्या वर्षांत एकही यंत्र पेटलेलं नाही. पुस्तकी भीती आहे ही. आणि तेवढा बारीक फ्यूज हाताने बसवणं नवशिक्याला जमणार आहे का?

तीनपाकळी
जमणार नसेल तर जमणाऱ्याकडे द्यावं. फ्यूज काढून टाकणं हा त्यावरचा पर्याय नाही. यावर मी मागे हटणार नाही.

जुनं_ते_ठेवा
धागाकर्ते, जुनी बॉडी फेकली नाहीत ना? फेकू नका. बाजारातल्या पर्यायी बॉड्यांची मापं थोडी इकडेतिकडे असतात. बटणं घट्ट बसतात, गेमचं कार्ट्रिज अडकतं, बाजूची पॉवरची सरकपट्टी आतल्या स्विचच्या दांडीवर नीट बसत नाही. जुनी बटणं आणि खालची रबरं चांगली असतील तर नव्या बॉडीतही तीच वापरा, दाबल्यावरचा मूळचा स्पर्श टिकतो. मी तर म्हणेन तडकलेली मूळ बॉडीच चिकटवून वापरायला हवी होती.

रात्रपाळी
बिजागरी चिकटवून टिकत नाही. तिथे सतत पीळ बसतो, चिकटवलेला तडा काही दिवसांत पुन्हा उघडतो. डीएस लाइटची उजवी बाजू तर तडकण्यासाठीच प्रसिद्ध आहे. बॉडी बदलली ते योग्यच केलं.

स्वच्छ_पांढरं
विषय निघालाच आहे म्हणून सांगते. ज्यांच्या जुन्या कन्सोलचं प्लास्टिक पिवळं पडलंय त्यांनी बॉडी बदलण्याची घाई करू नये. ते प्लास्टिक एबीएस असतं, अतिनील किरणांनी आणि हवेने पिवळं पडतं. सगळे भाग सुटे करून, धातूच्या जाळ्या आणि स्टिकर काढून, हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम सगळीकडे एकसारखी लावायची, वर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. मधेमधे फिरवायचं, नाहीतर पट्टे उठतात. हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, कातडी भाजते.

घाईत_आहे
ताई, माझं काळं आहे.

स्वच्छ_पांढरं
हो, वाचलं. इतर कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

रात्रपाळी
अवांतर: पेरॉक्साइडने पांढरं झालेलं पुन्हा पिवळं पडतं, हेही लिहा. कायमचा इलाज नाही तो.

घाईत_आहे
@तीनपाकळी, उत्तरं देतो. १) सुरळी केली होती, पण नळीतून जाईना म्हणून बरीच घट्ट केली. २) खिट्टी? काळी पट्टी होती तीच ना? ती उचलली होती, नंतर दाबली. ३) कोन बदलून आत्ता पाहिलं. झाकण पूर्ण सपाट उघडलं की कधीकधी दोनतीन सेकंद चालू राहतं!! एरवी नाही. बॅटरी उघडतानाच काढली होती, फ्यूजचा प्रश्न येऊ नये.

तीनपाकळी
हीच माहिती हवी होती. कोनावर अवलंबून आहे म्हणजे रिबनच. आता सगळं पुन्हा उघडा. घाबरू नका, पूर्ण मोडायचं नाहीये.

बॅटरी काढा. खालची बाजू उघडा. वरच्या स्क्रीनच्या रिबनची खिट्टी नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचला, धातूचा चिमटा नको. रिबन बाहेर घ्या आणि टोकाकडे तिरप्या उजेडात बघा. तांब्याच्या रेघांवर आडवी पांढरट सुरकुती दिसतेय का? नसेल तर रिबन पुन्हा सरळ सरकवा. टोकाची कड कनेक्टरच्या कडेला समांतर हवी, एक बाजू केसभरही बाहेर राहिली तरी चालत नाही. मग खिट्टी दोन्ही टोकांना सारखी दाबा.

त्यानंतर बॉडी बंद न करता बॅटरी लावून सुरू करून बघा. बोर्ड कागदावर ठेवा, खाली धातू नको. इथे चाललं आणि बंद केल्यावर बिघडलं, तर दोष बिजागरीतल्या रिबनच्या गुंडाळीत आहे. हो, वायफायचं छोटं कार्डही त्याच्या कनेक्टरवर टक्कन बसलंय ना ते दाबून बघा.

फिरकी
स्क्रू कशाने उघडताय? निन्टेंडोचे आतले चौफुली स्क्रू जपानी मापाचे असतात. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात वर सरकतो आणि डोकं खातो. जपानी मापाचा घ्या, फरक हाताला कळेल.

रात्रपाळी
शून्य शून्य नंबरचा चांगला फिलिप्स पुरतो. नीट दाबून फिरवला की झालं.

फिरकी
पुरतो आणि बरोबर बसतो यात फरक आहे. डोकं गेलेला स्क्रू काढायला बसल्यावर तो समजतो. अजून एक: नव्या बॉडीच्या खुंट्यांना आटे आधीपासून नसतात, स्क्रू स्वतः आटे पाडतो. तुम्ही आता दुसऱ्यांदा उघडताय, तर परत लावताना स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात 'टुक्' करून बसल्याचं जाणवेल, मग सुलटा आवळा. थेट आवळलात तर नवे आटे पडतात, जुने जातात, आणि मग तो स्क्रू कधीच धरत नाही.

जुनं_ते_ठेवा
हे मात्र अगदी खरं. सगळ्या स्क्रूंची लांबीही सारखी नसते. कागदावर यंत्राचा आकार काढून त्या त्या जागी चिकटपट्टीने स्क्रू लावून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर वरच्या बाजूने प्लास्टिकला टेंगूळ येतं.

घाईत_आहे
सुरू झालं!!! रिबनवर सुरकुती नाही. कनेक्टरमध्ये एका बाजूने जरा तिरकी होती. उघड्या अवस्थेत दोन्ही स्क्रीन लागल्या, गेमही चालला. पण बंद करून स्क्रू लावल्यावर झाकण अर्ध्याच्या पुढे नेलं की पुन्हा बंद. आता काय?

सोल्डरप्रेमी
म्हणजे फ्यूज ठीक आहे. मान्य. पण रिबनमधली तार जाऊ लागली आहे, वरची स्क्रीनच बदला. तिची रिबन तिलाच जोडलेली येते, वेगळी लावत बसू नका.

तीनपाकळी
आधी स्क्रीनवर पैसे घालवू नका. सुरळी फार घट्ट झाली आहे असं तुम्हीच लिहिलंत. झाकण फिरतं तेव्हा नळीतली सुरळी थोडी सैल-आवळ व्हायला हवी. घट्ट असेल तर तो सगळा ओढा कनेक्टरवर येतो. बिजागरीचा दट्ट्या आत ढकलून वरचा भाग सोडवा, सुरळी अर्धा वेढा सैल करा, पुन्हा बसवा. मग बॉडी बंद करण्याआधी झाकण हाताने पूर्ण उघडा-मिटा करा आणि रिबन कनेक्टरपाशी हलते का त्यावर नजर ठेवा. हलता कामा नये. इतकं करूनही बंद पडलं तर सोल्डरप्रेमींचं म्हणणं बरोबर, स्क्रीन बदलावी लागेल.

घाईत_आहे
अर्धा वेढा सैल केला. चाललं! कुठल्याही कोनात बंद पडत नाही, तासभर गेम चालू ठेवून पाहिला. तीनपाकळी, तुमचे किती आभार मानू. फिरकी, तुमची उलटं फिरवायची युक्ती वापरली, सगळे स्क्रू धरले.

एकच राहिलं. उजवं आर बटण दाबलं की खाली जातं पण वर येत नाही.

रात्रपाळी
आतली छोटी स्प्रिंग उडाली असणार. टेबलाखाली बघा.

जुनं_ते_ठेवा
जुन्या बॉडीत बघा आधी. आर बटणाची स्प्रिंग आणि तिची बारीक धातूची दांडी पुष्कळदा जुन्याच कोपऱ्यात अडकून राहते. म्हणून म्हटलं होतं फेकू नका.

घाईत_आहे
तिथेच होती.